छत्तीस फ्रेमचा दिवस

30 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रावर एक फोटो काढला गेला. प्रज्ञान रोव्हरने समोर उभ्या असलेल्या विक्रम लँडरचा तो फोटो काढला आणि तो आपण सगळ्यांनी पाहिला. ज्या नॅव्हकॅमने तो टिपला, तो कॅमेरा इस्रोच्या 'लिऑस' या प्रयोगशाळेने तयार केला होता. ही प्रयोगशाळा बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात आहे. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट हाही पीण्यातच, औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये, यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. 19 एप्रिल 1975 रोजी तो सोव्हिएत रशियातून अवकाशात गेला. पुढे त्याचं चित्र दोन रुपयांच्या नोटेवर आलं. आपल्या आईवडिलांनी ती नोट कितीदा तरी हाताळली असेल, पण त्यावरचा उपग्रह कुठल्या शेडमध्ये तयार झाला हे किती जणांना ठाऊक असेल?

पीण्याचं असंच आहे. इथे छोटे-मोठे हजारो कारखाने आहेत. इथे बहुतेक ठिकाणी पूर्ण वस्तू तयार होत नाही, तिचा भाग तयार होतो. कुठे एक आटा पाडला जातो, कुठे एक भोक, कुठे नुसतं पॉलिश होतं. ती वस्तू पुढे कुठल्या यंत्रात बसते, हे करणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसतं.

मला पीण्या माहीत झालं ते माझ्या मामामुळे. आयटीआयचं टर्नरचं सर्टिफिकेट घेऊन तो 1987 साली शिरोळ तालुक्यातून बंगळूरला आला आणि तेव्हापासून पीण्यातल्या एका शेडमध्ये लेथवर काम करतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे आठ दिवस राहिलो. आपल्या फोटोग्राफी क्लबच्या सरांनी सुट्टीसाठी एक काम दिलं होतं: एका मोठ्या शहरात एक पूर्ण दिवस पायी आणि मेट्रोने फिरायचं आणि फक्त छत्तीस फोटो काढायचे. पूर्वी फिल्मच्या एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघायचे, म्हणून हा आकडा. काढलेला फोटो पुसायचा नाही. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावायची, म्हणजे फोटो कसा आला ते बघता येणार नाही. आणि माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही.

मी कुठलाही दिवस निवडला असता, पण मामाने सांगितलं की बुधवारी सकाळी त्याचा लेथ शेडमधून जाणार आहे. मालकांनी सीएनसी मशीन घेतलं होतं आणि त्यासाठी जागा हवी होती. मामाची नोकरी जाणार नव्हती. त्याला तपासणीच्या टेबलावर बसवणार होते. पण ज्या यंत्रासमोर तो इतकी वर्षं उभा राहिला ते भंगारवाल्याच्या ट्रकवर चढणार होतं. गावाकडे आजी कित्येक वर्षं म्हणत आली आहे, "तू तिथं काय करतोस ते एकदा दाव की मला." तिच्या गुडघ्यांमुळे तिला एवढा प्रवास झेपत नाही. मामा दरवर्षी गणपतीला इस्त्रीचा शर्ट घालून गावी जातो. तेलकट कपड्यांतला त्याचा एकही फोटो घरात नाही. म्हणून मी मंगळवार निवडला. मालकांनी संध्याकाळी साडेचार ते सहा शेडमध्ये येण्याची परवानगी दिली. छत्तीसपैकी दहा फोटो त्या वेळेसाठी राखून ठेवायचे आणि बाकीचे सव्वीस शहरावर खर्च करायचे, असं मी ठरवलं.

सकाळी पावणेसहाला बाहेर पडलो. पीण्यात पहाट धुक्याची नसते, ती शिफ्ट बदलण्याची असते. रात्रपाळीचे लोक डोळे चोळत बाहेर येत होते, दिवसपाळीचे डबे घेऊन आत जात होते आणि दोघेही एकाच टपरीवर थांबून चहा पीत होते. कन्नड, तमिळ, हिंदी, ओडिया, सगळं एका बाकावर ऐकू येत होतं. चहावाल्या अण्णांना मी फोटोसाठी विचारलं. त्यांनी आधी "ऊटा आयता?" म्हणजे जेवलास का, असं विचारलं. पहाटे सहाला जेवण कुठलं? पण इथे ही ख्यालीखुशाली विचारण्याचीच पद्धत आहे. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि किटली उंच धरली. हा पहिला फोटो. पुढच्या तासाभरात गेटसमोर रांगेने लावलेल्या सायकली, हातगाडीवरून नेले जाणारे लोखंडी गज, शेडच्या दाराशी पडलेला धातूचा चकचकीत किस असे आणखी आठ झाले.

नववा फोटो झाल्यावर मी कॅमेरा बॅगेत ठेवला, कारण पुढे 'इस्ट्रॅक'ची भिंत होती. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवणारं आणि त्याला आज्ञा पाठवणारं केंद्र ते हेच. टीव्हीवर आपण शाळेत सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या होत्या, त्या टाळ्यांच्या दुसऱ्या टोकाला ही इमारत होती. गेटवरच्या जवानाला मी फोटोचं विचारलंही नाही. अशा ठिकाणी कॅमेरा बंद ठेवायचा असतो हे आपल्याला कुणी वेगळं सांगायची गरज नाही. त्याने माझ्या केसांच्या कटकडे पाहून विचारलं, "कौनसा स्कूल?" मी सांगितलं. तो हसला आणि मी पुढे निघालो. त्या दिवसाच्या माझ्या यादीत 'न काढलेला फोटो' म्हणून एक ओळ आहे, ती याची.

पीण्या इंडस्ट्री स्थानकाखालून जाणारा तुमकूर रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 48. हाच रस्ता तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव करत कोल्हापूर, सातारा आणि पुण्याला जातो. मामा 1987 साली एसटीने याच रस्त्याने आला होता. तेव्हा डोक्यावर मेट्रो नव्हती. ग्रीन लाइनचा पीण्या इंडस्ट्री ते संपिगे रोड हा टप्पा 1 मार्च 2014 पासून सुरू झाला. फोटो काढणाऱ्याला या मेट्रोचा एक फायदा आहे. तिला वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळते, त्यामुळे डोक्यावर तारा नाहीत आणि आभाळ मोकळं दिसतं. डब्यातून मी तीनच फोटो काढले. त्यात शेडच्या पत्र्यांवर वाळत घातलेले कपडे आहेत आणि खिडकीच्या काचेवर डोकं टेकून झोपलेला रात्रपाळीचा एक कामगार आहे. त्याला विचारायला त्याला उठवावं लागलं असतं. म्हणून चेहरा न घेता फक्त मांडीवरचा डबा आणि त्यावरचे हात घेतले. सँडल सोप फॅक्टरी असं एका स्थानकाचं नावच आहे. म्हैसूर सँडल साबणाचा कारखाना तिथे जवळच आहे.

संपिगे रोडला उतरून मल्लेश्वरममधल्या काडु मल्लेश्वर देवळापर्यंत चालत गेलो. 'काडु' म्हणजे जंगल. मराठी मुलाने बंगळूरला जाऊन हे देऊळ पाहिलंच पाहिजे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी 1669 साली या देवाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. बंगळूर 1638 साली विजापूरच्या आदिलशाहीने जिंकलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. त्यांचं वास्तव्य बराच काळ इथे होतं. देवळाच्या आवारात मोठमोठी झाडं आहेत आणि सकाळचं ऊन पानांतून गाळून खाली येतं. दोन आज्या पायरीवर बसून फुलं ओवत होत्या. त्यांनी फोटोला हात हलवून नकार दिला. मी नमस्कार केला आणि झाडांचे, पायऱ्यांचे मिळून चार फोटो काढले. एकूण सोळा.

परत मेट्रो पकडली. संपिगे रोडनंतर गाडी जमिनीखाली जाते. मॅजेस्टिकला ग्रीन आणि पर्पल या दोन लाइन एकमेकींना भेटतात आणि सरकते जिने संपता संपत नाहीत. पुढचं स्थानक चिकपेट. जमिनीखालच्या थंड उजेडातून वर आलो तर समोर रेशमाची दुकानं, हमालांची हाळी आणि दोन माणसं जेमतेम जातील एवढ्या गल्ल्या. एका दुकानात काउंटरमागचे काका माझं मामाशी फोनवरचं बोलणं ऐकून मराठीत म्हणाले, "या, बसा." त्यांच्या मराठीत मधूनमधून कन्नड येत होतं. भावसार, शिंपी अशी मराठी बोलणारी कितीतरी घराणी पिढ्यान् पिढ्या या पेठांमध्ये आहेत. काकांनी फोटो काढू दिला, पण स्वतःचा नाही, कापड मोजणाऱ्या हातांचा.

शहाजीराजांचं निवासस्थान याच पेठेत होतं असं काका म्हणाले. मी विचारलं, "कुठे?" त्यांनी रस्त्याकडे नुसता हात केला. आता तिथे काही उभं नाही. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की कॅमेरा कितीही चांगला असला तरी नसलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. बुधवारी सकाळनंतर मामाच्या लेथचंही तेच होणार होतं.

के. आर. मार्केटमध्ये फुलांचे ढीग लागले होते. वरच्या मजल्यावरून खाली पाहिलं की झेंडू आणि शेवंतीचे रंगीत चौकोन दिसतात आणि त्यांतून टोपल्या डोक्यावर घेतलेली माणसं सरकत असतात. इथे हात थांबवणं अवघड गेलं. पाच मिनिटांत सहा फोटो झाले, तेव्हा मी कॅमेऱ्याची कॅप लावून टाकली. मार्केटशेजारीच बंगळूरचा किल्ला आहे. केंपेगौडांनी बांधलेला मूळ किल्ला मातीचा होता, हैदरअलीच्या काळात तो दगडी झाला. मार्च 1791 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो खिंडार पाडून घेतला. हल्ला ज्या जागेतून झाला तिथे तसा दगडी फलक लावलेला आहे. तिसऱ्या म्हैसूर युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने उतरल्या होत्या. लष्करी इतिहासाच्या तासाला आपण नकाशावर बाण काढतो, तो बाण इथे एका भिंतीला येऊन टेकतो. तीन फोटो. एकूण सव्वीस. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

बंगळूरला मे महिन्यात दुपारनंतर पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. मेट्रो यशवंतपूरला पोहोचेपर्यंत आभाळ काळं झालं आणि पीण्याला उतरलो तेव्हा धो धो पाऊस सुरू होता. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी शेडमध्ये पोहोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. आणि आत अंधार होता. वीज गेली होती. सगळी यंत्रं बंद. मामा स्टुलावर बसून कापडाने लेथची बेड पुसत होता.

लेथ एचएमटीचा. एचएमटीचा पहिला कारखाना इथून जवळच जलहळ्ळीला सुरू झाला. म्हणजे हे यंत्र फार लांबून आलं नव्हतं. रंग उडालेला, पण हँडलची मूठ जिथे हात पडतो तिथे आरशासारखी झालेली. मी कॅमेरा काढला तर मामा म्हणाला, "माझा काय काढतोस? हिचा काढ." मशीनला तो 'ही' म्हणतो. मी म्हटलं, "बंद मशीनचा फोटो आजीला काय कळणार?" तो काही बोलला नाही. आम्ही पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसलो. सव्वापाच, साडेपाच, पावणेसहा. सहाला शिफ्ट संपणार होती.

सहाला नऊ मिनिटं असताना वीज आली. मामा उठला, शर्टाच्या बाह्या कोपरावर घट्ट दुमडल्या आणि माझ्याकडे वळून पहिलं वाक्य बोलला ते असं: "गळ्यातला पट्टा काढ आधी." फिरत्या चकजवळ लोंबणारं काहीही चालत नाही. सैल बाही, टाय, ओढणी, कॅमेऱ्याचा पट्टा, काहीही. चकने पकडलं तर माणूस ओढला जातो. मी पट्टा काढला आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यामागे उभा राहिलो.

मामाने लेथजवळचा पिवळा बल्ब लावला. वर ट्यूबलाइट असताना हा कशाला, असं मी विचारलं. त्याने सांगितलेलं मला फिजिक्सच्या पुस्तकात इतकं नीट कळलं नव्हतं. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, म्हणून जुन्या पद्धतीची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते जाणवत नाही, पण ठराविक वेगाने फिरणारा चक त्या उजेडात थांबल्यासारखा दिसू शकतो. थांबला समजून कुणी हात घातला तर हात जातो. बल्बची तार तापलेली राहते, ती तशी लुकलुकत नाही, म्हणून लेथपाशी बल्ब.

हे ऐकल्यावर मला माझ्या फोटोचं उत्तर मिळालं. कॅमेराही तीच फसवणूक करू शकतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं वेगवान ठेवलं तर फिरता चक फोटोत गोठून जातो आणि यंत्र बंद असल्यासारखं दिसतं. मामाने वेग 450 वर ठेवला होता. मिनिटाला 450 म्हणजे सेकंदाला साडेसात फेरे. शटर सेकंदाचा आठवा भाग उघडं ठेवलं तर तेवढ्या वेळात चक जवळजवळ एक पूर्ण फेरा घेतो आणि फोटोत त्याचं चक्र दिसतं. पण तेवढ्या वेळात माझा हात हलता कामा नये आणि मामाही हलता कामा नये.

मामाची काळजी नव्हती. अडतीस वर्षं लेथसमोर उभा राहिलेला माणूस काप चालू असताना खांबासारखा स्थिर असतो. हलतात ते फक्त त्याचे डोळे. राहिला मी. तेव्हा उस्तादांनी फायरिंग रेंजवर शिकवलेलं कामाला आलं. पाय खांद्याइतके फाकवून, कोपरं बरगड्यांना टेकवून, अर्धा श्वास सोडून रोखायचा आणि ट्रिगर ओढायचा नाही, दाबायचा. मी शटर तसं दाबलं. सत्ताविसावा. पुन्हा श्वास. अठ्ठाविसावा. कापताना निघणारी धातूची निळसर वेटोळी टूलवरून खाली पडत होती. उघड्या दारातून पावसानंतरचा उजेड ओल्या फरशीवर आला होता आणि तिथून मामाच्या चेहऱ्यावर. पस्तिसावा फोटो झाला तेव्हा भोंगा वाजला. मामाने चक थांबू दिला, तयार झालेला भाग काढून मायक्रोमीटरने मोजला आणि ट्रेमध्ये ठेवला. कुठल्या यंत्राचा तो भाग होता, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मग त्याने बल्ब बंद केला. बंद लेथच्या हँडलवर त्याचा हात होता. छत्तिसावा.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला तेव्हा माझ्याकडे एकही फोटो शिल्लक नव्हता. मी नुसता उभा राहून पाहिलं. चार माणसांनी चेनब्लॉक लावून लेथ उचलला. मामा "सांभाळून, सांभाळून" म्हणत होता, जणू तो भंगारात नाही तर दुसऱ्या कारखान्यात चालला होता.

शाळेत परत आल्यावर चिकटपट्टी काढली आणि सरांच्या कॉम्प्युटरवर सगळे फोटो प्रथमच पाहिले. शेडमधले काही हलले होते, काही ठीक होते. एकतिसावा मात्र जसा हवा तसा आला होता. मामाचा चेहरा, दुमडलेल्या बाह्या, मुठीवरचा हात, सगळं स्वच्छ आणि त्यांच्या मध्ये चकचं धूसर गोल चक्र. क्लबच्या बोर्डावर या दिवसाचे पाच फोटो लावले आहेत: चहाची किटली, डब्यावरचे हात, मल्लेश्वरच्या पायऱ्या, मार्केटमधला झेंडू आणि किल्ल्याची भिंत. एकतिसावा बोर्डावर नाही. त्याची मोठी प्रत काढून बाबांनी गावी नेऊन दिली.

आजीने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला, असं बाबांनी सांगितलं. मग तिने मामाला फोन लावायला सांगितला आणि विचारलं, "हे गरागरा फिरतंय ते काय रं?"

मामी म्हणाली की एरवी तो दोन मिनिटांत फोन ठेवतो. त्या रात्री तो आजीला चक म्हणजे काय, टूल कशी घासतात, आटा कसा पाडतात हे पाऊण तास सांगत होता.